कढईतले दोन पक्षी

माझ्या खानावळीच्या मेन्यूवर एकवीस पदार्थ छापलेले आहेत. बाविसावा कधीच छापला नाही, आणि राजधानीची, निकोसियाची मंडळी तासभर गाडी हाकत यायची ती त्या बाविसाव्यासाठीच. यायची, हलूमी चीज भाजून मागवायची, ऑलिव्ह चघळत बसायची, आणि मी पाण्याची बाटली घेऊन टेबलाशी गेले की आवाज खाली आणून विचारायची, "लुकियाबाई, आज काही बारीकसारीक आहे का?" चेहरा ओळखीचा असला तर मी म्हणायचे, "बघते." नसला तर म्हणायचे, "बारीकसारीक म्हणजे काय? मसूर आहेत, आणू?"

हे बारीकसारीक म्हणजे अंबेलोपुलिया. काळ्या टोपीचा वटवट्या, मुठीत मावेल एवढा पक्षी. थंडीची चाहूल लागली की तो उत्तरेकडून आफ्रिकेला निघतो आणि वाटेत दमून आमच्या बेटावर उतरतो. आमचं गाव बटाट्याचं, लाल मातीचं, समुद्राला लागून. त्यामुळे पुष्कळसे आमच्याच झाडांवर उतरतात. आम्ही भोकराची फळं उकळतो, त्यात मध घालून चिकट गर करतो, तो डाळिंबाच्या काड्यांना फासतो आणि काड्या झाडांत खोचून ठेवतो. पक्षी काडीवर बसला की पाय चिकटतात. सुटायला धडपडला की पंख चिकटतात. मग तो उलटा लोंबकळत राहतो, कोणीतरी येऊन काढेपर्यंत. आमच्या भागात काढायला येणारा म्हणजे हाम्बिस, माझ्या गेलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो काढतो, गळ्यात टोकदार काडी खुपसतो आणि पिशवीत टाकतो.

हे मी असं सरळ सांगतेय, कारण इतकी वर्षं कधी सरळ सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना मी वेगळी गोष्ट सांगायचे, माझ्या बापाची. आम्ही सात भावंडं. मांस महिन्यातून एकदा, तेही असलंच तर. पक्ष्यांचे दिवस आले की बाप पहाटे काड्या लावून यायचा, आई पक्षी उकडायची आणि त्याच पाण्यात गव्हाचा दलिया शिजवायची. प्रत्येकाला एक पक्षी, बापाला दोन. ही गोष्ट खरी आहे, त्यात एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. ती ऐकून निकोसियाच्या वकिलांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते आणखी एक ताट मागवायचे.

बापाच्या वेळी ते गरिबाचं जेवण होतं. मग कायदा आला, बंदी आली, आणि बंदीबरोबर भाव आला. बापाच्या ताटातलं जे कोणी फुकटही घेतलं नसतं, ते मी डझनाच्या हिशेबाने पांढऱ्या बशीत घालून देऊ लागले. आणि ती बशी मागवणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात कधी मांसावाचून महिना गेला नव्हता. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे बघायचं नाही ठरवलं की ती फारशी त्रास देत नाही.

मग झेनोन आला. झेनोन म्हणजे माझा जावई. त्रोओदोसच्या डोंगरातल्या सफरचंदवाल्यांचा मुलगा, बोलायला थोडका, खायला भरपूर. माझ्या थेआनोने त्याला विद्यापीठात शोधून काढला. लग्नात मी गुडघे दुखेपर्यंत नाचले. दोन वर्षांनी त्याला सरकारी नोकरी लागली, ती नेमकी चोरट्या शिकाऱ्यांना पकडणाऱ्या रक्षकाची, आणि नेमणूक नेमकी आमच्या भागात. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी थेआनो माझ्या स्वयंपाकघरात आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आई, आता ते बंद."

"काय बंद?"

"माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं बोलू नकोस. तो रोज उठून त्याच लोकांना पकडायला जाणार, आणि त्याची सासू घरी तेच विकणार? मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"बरं, बंद," मी म्हटलं. "तुझ्या बापाची शपथ."

नवऱ्याची शपथ मी आयुष्यात पुष्कळदा घेतली होती, तो जिवंत होता तेव्हा तर जास्तच. आठ दिवस मी ती पाळली. नवव्या दिवशी एक डॉक्टर आले, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी बारीकसारीक विचारलं आणि माझ्या तोंडून "बघते" निघून गेलं. त्यानंतर मी फक्त एवढंच पथ्य पाळलं की झेनोनची पाळी लांब कुठे असेल त्याच दिवशी द्यायचं, आणि माल आपल्याकडे ठेवायचा नाही. तो हाम्बिसच्या फ्रीजरमध्ये असायचा. त्या दिवशी लागेल तेवढाच मी मागवून घ्यायचे.

पाळी कुठे आहे ते मला कसं कळायचं? रविवारी जेवताना मीच विचारायचे. "या आठवड्यात कुठे लांब जायचंय का रे बाळा? डबा देऊ का?" तो बिचारा सांगायचा, शुक्रवारी धरणाकडे, शनिवारी टोकाला दीपस्तंभाकडे. आणि मी डबा द्यायचे. द्राक्षाच्या पानांत भात भरून वळकट्या करायचे, वर लिंबू पिळायचे, कारण त्याला आंबट आवडतं.

गावाने त्याला सुखाने राहू दिलं नाही. कधी गाडीच्या आरशाला मेलेला पक्षी टांगलेला, कधी दाराच्या कडीला तो चिकट गर फासलेला. तो केस कापायला गेला की न्हाव्याला नेमकी कुठेतरी जायची घाई असायची. कॉफीच्या दुकानात शिरला की पत्ते खेळणारे गप्प व्हायचे आणि हाम्बिस मोठ्याने विचारायचा, "काय जावईबापू, आज किती चिमण्यांचे प्राण वाचवले?"

"एकोणीस," झेनोन सांगायचा. "गर चांगला जमलाय काका तुम्हाला या वर्षी. सोडवायला फार वेळ लागला."

हाम्बिस पत्ते पिसायला घ्यायचा. मला मनातून बरं वाटायचं, आणि दुपारी मी त्याच हाम्बिसला दोन डझन पाठवायला सांगायचे.

सकाळी कधीकधी झेनोन कामावरून परस्पर माझ्याकडे कॉफीला यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे ओठ कसेतरी चमकत होते आणि दाढीत करडी पिसं अडकली होती. मी विचारलं, "हे काय रे, उशी फाडून खाल्लीस?"

"पक्षी सोडवत होतो. ओढून काढला तर पिसं तुटतात, मग तो उडत नाही. म्हणून तोंडात घ्यायचं."

"काय तोंडात घ्यायचं?"

"पंख, शेपूट, पाय, जिथे जिथे चिकटलाय ते सगळं. थुंकीने गर सुटतो." त्याने मनगटाने ओठ पुसले. "गोड लागतो, आई. मध असतो ना त्यात."

मी त्याला रुमाल आणि ऑलिव्हचं तेल दिलं. तेलाने तो गर निघतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. कसं माहीत, ते त्याने विचारलं नाही. आणि का कोण जाणे, त्या दिवशी मला त्याच्याशी भांडावंसं वाटलं.

"एक सांग मला," मी म्हटलं. "ख्रिसमसला आम्ही डुक्कर मारतो. ते असं ओरडतं की तीन घरं पलीकडे ऐकू जातं. त्याबद्दल तुमचा कायदा काही बोलत नाही. आणि या एवढ्याशा जिवासाठी जीप काय, दंड काय, खटले काय."

"डुकराचंही वाईट वाटतं मला."

"खातोस की पण."

"खातो," तो म्हणाला. "त्याचं उत्तर नाही माझ्याकडे. पण डुक्कर मारलं की एक घर चार महिने खातं. ही ताटं कोण खातं, आई? पोट भरलेले लोक. आधी सगळं जेवण होतं, आणि मग वरून हे."

"आणि माझा बाप?"

"तुमच्या वडिलांना मी पकडलं नसतं."

"कायद्याने पकडायला लागलं असतं तुला."

"मग एवढ्यापुरता कायदा मोडला असता," तो हसून म्हणाला, आणि कप उचलून विसळायला निघाला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मला राग आला होता. राग आला, कारण तो जे म्हणत होता ते मी रोज स्वतःच्या हाताने वाढत होते. त्या दुपारी मी तीन ताटं दिली.

आता तो शनिवार. ऑक्टोबरअखेरच्या संत दिमित्रिओसच्या सणाच्या आधीचा. झेनोनने सांगितलं होतं की दिवसभर दीपस्तंभाकडे असेन. डबा दिला होता. अंगणातली सगळी टेबलं भरली होती आणि चार टेबलांवर ताटं गेली होती. हाम्बिसने मोजणीत चूक करून दोन पक्षी जास्त पाठवले होते, ते मी तळून कढईतच ठेवले. स्वतःसाठी. तेही सांगायला हवं, की मला ते आवडतात. गिऱ्हाइकं गेली की चपला काढायच्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकायचे आणि सावकाश खायचे, हा माझा शनिवार होता.

दोनच्या सुमाराला दोन जीप दाराशी थांबल्या. कोणीतरी तक्रार केली होती, त्यामुळे दीपस्तंभाकडची माणसं ऐन वेळी इकडे वळवली होती. हे मला नंतर कळलं. माझी जुनी गिऱ्हाइकं अशा वेळी काय करायचं ते जाणतात. अंबेलोपुलिया हाडांसकट खातात, डोक्यासकट खातात, मागे काही उरत नाही. पटापट तोंडं भरली. एका वकिलाच्या गालातून चोच बाहेर दिसत होती ती त्याने रुमालाने झाकली. एका बाईंनी उरलेले दोन कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि लिपस्टिक काढून ओठ रंगवायला घेतले. जीपमधून पहिले उतरले ते पिएरिस साहेब, त्या तुकडीचे अधिकारी, केस पांढरे झालेला शांत माणूस. ते एकेका टेबलाशी थांबून, नमस्कार करून, ताटात बघत पुढे जाऊ लागले. स्वयंपाकघराकडे त्यांनी झेनोनला पाठवलं.

खिडकीतून मला तो अंगण ओलांडून येताना दिसला. इथे मला जरा सावकाश सांगू द्या. अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत वीस पावलं तरी आहेत. कढईत दोन पक्षी. माझे दात शाबूत आहेत. मी ते खाऊ शकले असते. ते एवढंसं काम होतं आणि ते माझं काम होतं. पण झेनोन येतोय हे पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. वर्षभर ज्याच्यापासून लपवलं तोच येतोय याची भीती वाटायला हवी होती, आणि मला वाटलं, चला, आपला झेनोन आहे. घरच्या माणसाने काय बघायचं आणि कशाकडे कानाडोळा करायचा हे त्याला सांगावं लागत नाही, असं आम्ही इथे सगळेच धरून चालतो. या बेटावर निम्मी कामं अशीच होतात. मी कढई झाकलीसुद्धा नाही. त्याला बसायला खुर्ची पुसून ठेवली.

"आई, साहेबांनी सांगितलंय की आतलं..." असं म्हणतच तो आत आला, आणि त्याची नजर कढईवर गेली.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला जमलं असतं, चिडलेल्या पुरुषांना गप्प करायची मला सवय आहे. तो नुसता बघत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डबा. म्हणून विचारायचात."

मी म्हटलं, "झेनोन, दोनच आहेत. बाहेर आता काही सापडणार नाही. एवढे दोनच."

अंगणातून पिएरिस साहेबांचा आवाज आला, मागची खोली बघतो म्हणून, आणि बुटांचा आवाज आमच्या दिशेने निघाला. अजूनही वेळ होता. मी कढईकडे हात न्यायला हवा होता. मी तो हात झेनोनच्या बाहीवर ठेवला.

"बाळा, खानावळ जाईल माझी. थेआनोला कळेल. तिला चौथा महिना लागलाय, तिला असा धक्का बसला तर? काहीतरी कर."

पोटातल्या पोरालाही मी मध्ये आणलं.

त्याने कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. मोरीकडे पाहिलं. खिडकीच्या गजांकडे पाहिलं. पक्षी कुठे कुठे टाकतात आणि कुठे कुठे शोधायचं, हे त्याला चांगलं माहीत होतं, आजवर तोच शोधत होता. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर ठेवली, एक पक्षी पायांना धरून उचलला आणि सबंध तोंडात घातला.

शेकडो लोकांना मी ते खाताना पाहिलंय. लोक डोळे मिटतात, सुस्कारे सोडतात. झेनोनने डोळे उघडे ठेवले आणि भिंतीवरच्या फरशांकडे बघत चावत राहिला. हाडं मोडल्याचा आवाज येत होता. ते चावावंच लागतं, नुसतं गिळता येत नाही. त्या दिवशी पहाटे त्याने याच तोंडाने पक्षी सोडवले असणार, कारण दाढीत अजून एक पीस होतं. दुसरा पक्षी घातला तेव्हा त्याला उमळलं. त्याने ओट्याची कड धरली, मान खाली घातली, पण थुंकला नाही. मी कढईत साबणाचं पाणी ओतलं. एवढं मला सुचलं.

पिएरिस साहेब दारात आले. "काही?"

झेनोनने नकारार्थी मान हलवली. तोंड अजून भरलेलं होतं.

"काय खातोयस?"

त्याने गिळलं. त्याला वेळ लागला. "सासूबाईंनी जेवण ठेवलं होतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या हातांना आरोग्य लाभो, आई."

जेवून उठताना रांधणाऱ्या बाईला आमच्याकडे असं म्हणतातच. आईबापांनी वळण लावलेलं असलं की ते आपोआप तोंडातून येतं. त्याने ते साहेबांना ऐकवायला म्हटलं की सवयीने, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

साहेबांनी हवेत वास घेतला. वीस वर्षं या कामात असलेल्या माणसाला त्या तेलाचा वास कळत नाही असं होणार नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, झेनोनकडे बघत होते, बराच वेळ. मग त्यांनी वही काढली, काही आढळलं नाही असं लिहिलं, आणि खाली सही करायला वही झेनोनपुढे धरली. त्याने सही केली, टोपी घातली, आणि दोघे गेले.

इथे मी गप्प बसले असते तरी पुष्कळ झालं असतं. पण संध्याकाळी हाम्बिस चौकशी करायला आला आणि मी सुटकेच्या आनंदात त्याला झिवानियाचा, आमच्या द्राक्षाच्या दारूचा, पेला भरून दिला, स्वतःलाही घेतला, आणि सगळं सांगितलं. तो कसा आला, कसा थबकला, कसे कडाकडा चावून खाल्ले. कौतुकाने सांगितलं मी. "आपलाच निघाला शेवटी," मी म्हटलं. हाम्बिस मांडीवर थाप मारून हसला. मीही हसले.

"वहिनी, मी तुम्हाला सांगत नव्हतो? डोंगरातला असला तरी पोट माणसाचंच आहे."

सोमवारपर्यंत गावभर झालं. झेनोन कॉफीच्या दुकानात शिरला तर त्याच्या कॉफीचे पैसे कोणीतरी आधीच दिलेले होते. पत्तेवाल्यांनी सरकून जागा केली. न्हाव्याने रस्त्यातून हाक मारली, "ये रे, केस किती वाढलेत बघ तुझे." ज्यांनी त्याच्या दाराला गर फासला होता तेच त्याच्या खांद्यावर हात टाकू लागले. "आपला माणूस," म्हणू लागले. हाम्बिसने सगळ्यांसमोर विचारलं, "काय, कळली ना चव?" आणि झेनोन काय बोलणार? खोटं आहे म्हणावं तर ते मीच सांगितलेलं, खरं आहे म्हणावं तर पकडली जाणार तीही मीच. त्याने ती कॉफी प्यायली. मला हे हाम्बिसनेच येऊन सांगितलं, मोठ्या आनंदात. एक वर्ष गावाने त्याला छळलं तेव्हा तो ताठ होता. त्यांनी त्याला आपला म्हटलं तेव्हापासून तो रस्त्याने खाली बघून चालू लागला.

सकाळचा तो माझ्याकडे यायचा बंद झाला. रविवारी यायचा, पाव आणि काकडी खायचा, पोट ठीक नाही म्हणायचा. पाळी कुठे आहे ते मी विचारत नव्हते. बाविसावा पदार्थ मी त्या शनिवारपासून बंद केला, आणि या वेळी शपथ न घेता खरोखर बंद केला. डॉक्टर आले तर त्यांना मसूर वाढले. पण हे सांगायचं कोणाला? थेआनोच्या लेखी तो वर्षापूर्वीच बंद झाला होता.

नोव्हेंबर संपत आला होता तेव्हा एका दुपारी थेआनो आली. पोट आता दिसायला लागलं होतं. तिच्या हातात एक प्लास्टिकचं पुडकं होतं, ते तिने ओट्यावर ठेवलं. आत सोललेले बारा पक्षी होते, पाठीला पाठ लावून रचलेले. असे रचून देतो तो हाम्बिसच.

"हाम्बिसकाकाने दारात आणून दिले," ती म्हणाली. "म्हणतो, आमच्या रक्षकसाहेबांसाठी. त्यांना आवडतात. त्याच्या सासूच्या... म्हणजे तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ले, म्हणतो."

मी हात पुसत राहिले. ते कोरडेच होते.

"मला वाटलं, चेष्टा करतोय. मी झेनोनला विचारलं. तो म्हणाला, खरं आहे." तिचा आवाज नीट होता, रडून झालेलं दिसत होतं. "म्हणाला, वर्षभर त्यांच्यामागे धावतोय, एकदा बघावं काय चव आहे, म्हणून मीच आईंकडे मागितले. आई नको म्हणत होत्या, त्यांनी कधीच बंद केलंय, पण मी हट्ट धरला, म्हणून त्यांनी काकांकडून दोन आणून दिले. असं म्हणाला." ती थांबली. "आई, खरं का हे?"

त्याने पुन्हा एकदा माझ्यासाठी तोंड भरून घेतलं होतं. आणि या वेळी घाई नव्हती, कोणी दाराशी येत नव्हतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की नाही, मीच त्याला खायला लावले. मी विचार केला की मी खरं सांगितलं तर तो बायकोशी खोटं बोलला असं ठरेल, त्यापेक्षा आहे ते राहू द्यावं. असले विचार मला कसे झटकन सुचतात बघा. खरं कारण तेवढं नव्हतं. मला भीती होती की ती मला नातवाला हातात घेऊ देणार नाही.

"हो," मी म्हटलं. "त्यानेच मागितले."

ती खुर्चीवर बसली.

"त्याच्यासाठी मी सगळ्या गावाशी भांडले," ती म्हणाली. "रोज त्याच्या शर्टावरची पिसं वेचायचे मी. आणि तो म्हणे हट्ट धरतो."

"पुरुष असतात गं असे," मी म्हटलं. हेही मी म्हटलं.

मग ती उठली, आणि मला वाटलं आता जाईल. पण ती माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले. तिचं पोट मला लागलं.

"मला माफ कर, आई," ती म्हणाली. "इथे येताना गाडीत मला वाटत होतं की तू अजून विकतेस आणि तो तुला वाचवतोय. मी तुझ्यावर संशय घेतला."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे गं. होतं असं."